'ओळखीचं राजकारण' की 'अस्मितेचं'?

तुम्ही विचारलेला प्रश्न आहे अनुवादाचा. हुकूमशाही जाऊन लोकशाही येत असलेल्या देशांवरच्या लेखात 'आयडेंटिटी'साठी 'ओळख' घ्यावं की 'अस्मिता', आणि दोन्ही आलटूनपालटून वापरले तर चालतील का?

नाही चालणार. 'आयडेंटिटी पॉलिटिक्स'चं 'ओळखीचं राजकारण' करून बघा. वाचणाऱ्याला वाटेल, वशिल्याबद्दल चाललंय. 'ओळखीने काम झालं' म्हणजे नेमकं काय झालं, हे कुणाला समजावावं लागत नाही. तिथे 'अस्मितेचं राजकारण'च हवं.

फरक क्रियापदांवरून चटकन कळतो. ओळख पटते, मिळते, लपवता येते, पुसली जाते. अस्मिता दुखावते, चेतवली जाते, जागी होते. 'माझी ओळख दुखावली' असं कुणी म्हणत नाही, आणि 'अस्मिता पटली' असंही नाही. ओळखीला समोर ओळखणारा लागतो. अस्मितेला तो लागत नाही. फार तर डिवचणारा लागतो.

'अस्मि' म्हणजे 'मी आहे', त्यावरून 'अस्मिता'. पातंजल योगसूत्रांत तिची गणना पाच क्लेशांत आहे : अविद्या, अस्मिता, राग, द्वेष, अभिनिवेश. म्हणजे साधकाने झटकून टाकायची गोष्ट. मराठीत मात्र तिला बढती मिळाली, ती जपायची वस्तू झाली. (जाता जाता : त्याच यादीतला 'राग' म्हणजे आसक्ती, आपल्याकडे तो संताप झाला. 'अभिनिवेश' म्हणजे जगण्याची चिवट ओढ, आपल्याकडे एखाद्या बाजूचा नको इतका आवेश. पाचांतल्या तिघांनी मराठीत घर बदललं.)

आता तुमच्या विषयातली दोन उदाहरणं घेऊ.

१९८४-८५च्या हिवाळ्यात बल्गेरियाच्या कम्युनिस्ट राजवटीने तिथल्या तुर्की अल्पसंख्याकांची नावं सक्तीने बदलून त्यांना बल्गेरियन नावं लावली. माणूस तोच, कागदावर दुसराच. १९८९च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून अधिक लोक तुर्कस्तानात निघून गेले. त्याच नोव्हेंबरात त्या राजवटीचे प्रमुख झिवकोव्ह पायउतार झाले आणि १९९०च्या कायद्याने जुनी नावं परत घेता येऊ लागली. इथे मी 'ओळख पुसली गेली' आणि 'ओळख परत मिळाली' असंच लिहीन, कारण ती हिरावणारं आणि परत देणारं सरकार होतं. अस्मिता सरकारला अशी काढून घेता येत नाही. नाव गेल्यावर ती उलट जास्तच जागी होते.

दुसरं उदाहरण चेकोस्लोव्हाकियाचं. साम्यवादी सत्ता गेल्यावर १९९०मध्ये देशाच्या नावातून 'समाजवादी' हा शब्द काढायचा होता. तेवढ्यात स्लोव्हाकांनी 'चेको' आणि 'स्लोव्हाकिया' यांच्यामध्ये संयोगचिन्ह मागितलं आणि त्यावरून रण माजलं. मार्चमध्ये तोडगा निघाला तो असा : चेक भाषेत लिहिताना चिन्हाशिवाय, स्लोव्हाक भाषेत चिन्हासह! तो महिनाभरही टिकला नाही. एप्रिलमध्ये 'चेक आणि स्लोव्हाक संघीय प्रजासत्ताक' असं नाव ठरलं, आणि १ जानेवारी १९९३पासून दोन देश झाले (तेवढ्या एका रेघेमुळे नव्हे, अर्थात). स्लोव्हाक कोण हे त्या देशात कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. आपलं नाव दुसऱ्याच्या नावात विरघळवून लिहिलं जातं, हे सलत होतं. ही शुद्ध अस्मिता. इथे 'ओळख' लिहिलंत तर भांडण कशावरून झालं तेच कळणार नाही.

एका राजवटीतून दुसरीकडे जाणं, म्हणजे 'ट्रान्झिशन', याला काय म्हणायचं तेही थोडक्यात. 'सत्तांतर' म्हणजे खुर्चीवरचा माणूस किंवा पक्ष बदलणं. ते साध्या निवडणुकीतही होतं. दक्षिण आफ्रिकेत १० मे १९९४ला मंडेलांनी शपथ घेतली ते सत्तांतर; १९९०मध्ये त्यांची सुटका झाल्यापासून तिथवर चाललं होतं ते 'संक्रमण'. मागे वळून सगळ्या बदलाबद्दल बोलायचं तर 'स्थित्यंतर'.

तुम्ही पाठवलेलं वाक्य असं आहे : 'राजकीय स्थित्यंतरातून जात असलेले समाज आपल्या सांस्कृतिक ओळखीचा शोध घेत असतात.' समाज स्थित्यंतरातून 'जात' नाहीत, ते बोगद्यातून गेल्यासारखं वाटतं. मी असं लिहीन : 'राजवट बदलू लागली की आपण कोण, हा प्रश्न समाजात नव्याने उभा राहतो.' 'स्थित्यंतर' आणि 'ओळख' दोन्ही शब्द टळले आणि बिघडलं काहीच नाही.