घर पावसात बघ, सामान दसऱ्यानंतर हलव

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. ३१ जुलैला अ‍ॅग्रीमेंट संपतंय, मालक दोन हजार वाढवून मागतायत आणि तू म्हणतेस, "मावशी, एकदाचं हलून मोकळी होते." फोनवर असलं बोलणं अर्धवट राहतं, म्हणून सविस्तर लिहिते. थोडं थांब. भर पावसात पुण्यात घर बदलणं मी करून बसले आहे, ते तुझ्या वाट्याला यायला नको.

आम्ही सिंहगड रोडवरून कर्वेनगरला गेलो ते ऑगस्टात. टेम्पो निघाला तेव्हा आभाळ कोरडं होतं, राजाराम पुलावर सर आली. ताडपत्रीला रुपयाएवढं भोक होतं आणि ते नेमकं गाद्यांवर आलं. उतरवताना वरून हात फिरवला तर गादी कोरडी लागत होती, पण दाबली की बोटांमधून पाणी यायचं. पुस्तकांचं खोकं जिन्यात तळातून सुटलं. हमालांनी मुकाट्याने गोळा करून दिली, पण निम्म्या पुस्तकांची पानं कायमची फुगली.

हे नुकसान एका दिवसाचं होतं, त्याचं मला फार वाटलं नाही. खरी फसगत भिंतीने केली. ते घर आम्ही मे महिन्यात पाहिलं होतं. ताजा रंग, झळझळीत भिंती, लगेच हो म्हटलं. राहायला गेल्यावर पंधरा दिवसांत बेडरूमच्या भिंतीला पोपडे सुटले. कपाट पुढे ओढलं तर त्याची मागची फळी फुगून बाहेर आलेली, आणि आत घडी घातलेल्या माझ्या लग्नातल्या शालूवर काळे ठिपके. मालक म्हणाले, "पावसाळ्यात एवढं होतंच." वर्षभर आम्ही ती ओल सहन केली, धाकट्याला खोकला लागला तो होळीपर्यंत गेला नाही.

तेव्हापासून माझं पक्कं मत आहे, घर बघायचा काळ वेगळा आणि सामान हलवायचा काळ वेगळा. सगळे दोन्ही एकाच महिन्यात उरकतात आणि तिथेच चुकतं. मालक रंगकाम एप्रिल-मेमध्ये काढतात, कारण रंग पटकन वाळतो आणि गिऱ्हाईकही तेव्हाच येतं. १५ जूनच्या आसपास शाळा सुरू होतात, पाठोपाठ कॉलेजची मुलं येतात, कंपन्यांत नवे लोक रुजू होतात. मागणी जास्त, भाडं चढं, टेम्पोवाल्यांना सवड नाही, आणि घर नटूनथटून उभं. उन्हाळ्यात घराची एकच गोष्ट खरी कळते, ती म्हणजे पाणी. तेवढं तू वॉचमनला विचार, "मे महिन्यात टँकर किती येत होते आणि पैसे मेंटेनन्समधून जातात की वेगळे?" वाकड-बावधनकडे बघत असशील तर हा प्रश्न विसरूच नकोस.

बाकी सगळं पाऊस सांगतो. म्हणून आत्ता हलू नकोस, आत्ता फक्त बघ. तेही दोन दिवस झड लागून गेल्यावर. आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा त्या बाजूच्या भिंतीला आतून तळहात लावून उभी राहा. गार-ओलसर लागली की समज. खिडकीच्या चौकटीखालचे कोपरे बघ, बाथरूमच्या पलीकडची भिंत बघ. भिंतीवर मिठासारखी पांढरी भुकटी असेल तर पाणी आत मुरतंय, वरून कितीही रंग दिला तरी. भिंतीतल्या कपाटाचं दार उघडून आत वास घे. सगळ्यात वरचा मजला असेल तर छताकडे नीट बघ आणि गच्चीवर चढून पाणी कुठे साचतंय ते पाहा. पार्किंगमध्ये घोट्याएवढं पाणी असेल तर तेही आत्ताच दिसेल, डिसेंबरात कोणी सांगणार नाही.

मालकांशी ऑक्टोबरअखेरपर्यंतचं बोल. दोन हजार वाढवून मागत असतील तर तीन महिन्यांचे सहा हजार होतात. दे. ओल असलेल्या घरात वर्ष काढण्यापेक्षा ते स्वस्त आहे. मात्र तीन महिन्यांचाही कागद कर, तोंडी ठेवू नकोस.

मग येतो पितृपक्ष. साधारण सप्टेंबरात, अधिक महिना आला असेल तर ऑक्टोबरपर्यंत सरकतो. त्या पंधरवड्यात बरेच लोक घराचं नावही काढत नाहीत. जूनच्या गर्दीत ज्यांचं घर गेलं नाही, त्या मालकांचं भाडं दोन-तीन महिने बुडालेलं असतं. बोलणी करायला याहून चांगला काळ नाही. भाडं कमी होईल, नाही झालं तर निदान वॉटरप्रूफिंग, गिझर, जाळ्या हे तरी करून मिळेल. तुझ्या सासूबाईंना तेव्हा टोकन देणं रुचणार नाही, तर त्यांचं मन मोडू नकोस. बोलणी पितृपक्षात पक्की कर, पैसे घटस्थापनेला दे. दसऱ्याच्या मुहूर्तावर त्यांच्या हातून नव्या घरात कलश ठेव, गॅसवर दूध उतू जाऊ दे. सामान मागाहून दिवाळीच्या आधी एखाद्या बुधवारी-गुरुवारी ने. रविवारी टेम्पो महाग पडतो आणि काही सोसायट्या त्या दिवशी सामान चढवू देत नाहीत, ते आधी विचारून घे. ३० आणि १ तारीखही टाळ, सगळं शहर त्याच दोन दिवशी हलत असतं. पाच-सहा दिवस दोन्ही घरांचं भाडं भरावं लागलं तरी चालेल. रिकाम्या घरात पेस्ट कंट्रोल आणि साफसफाई नीट होते.

यात तुझ्या लेकीचाही विचार आहे. ती येत्या जूनला पहिलीत जाईल, आणि बऱ्याच खासगी शाळांचे प्रवेश दिवाळीच्या सुमारासच सुरू होतात. पत्ता तेव्हा पक्का असलेला बरा.

आता कागदाचं. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट दरवर्षी एक महिना मागे सरकतं. समज, ते १ नोव्हेंबरपासून धरलं तर पुढचं १ ऑक्टोबरला, मग १ सप्टेंबरला, मग १ ऑगस्टला. म्हणजे तिसऱ्या नूतनीकरणाला तू पुन्हा आहेस तिथेच, पावसात. अकरा महिन्यांनी नोंदणी वाचते हा समज आपल्याकडे चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. तेव्हा सरळ २४ महिन्यांचं कर. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, शिवाय डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून त्यावरही तेवढंच. २५,००० भाडं आणि १ लाख डिपॉझिट धरलं तर दोन वर्षांचं शुल्क १,५५० रुपये होतं, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. अकरा-अकरा महिन्यांचे दोन कागद केलेस तर नोंदणी फी दोनदा जाईल आणि एजंटचे पैसेही दोनदा. लॉक-इन, म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही ती मुदत, मात्र सहा महिन्यांपेक्षा जास्त मान्य करू नकोस, आणि ओल आली तर दुरुस्ती मालक करतील हे वाक्य त्यात लिहून घे.

बावधनचं तू म्हणतेस ते घर मी तुझ्याबरोबर बघायला येते. या आठवड्यात पाऊस लागून राहिला तर शनिवारी सकाळी फोन कर. एजंट म्हणेल, "पाऊस थांबू दे, मग दाखवतो." त्याला म्हण, आत्ताच दाखवा. बॅटरी मी आणते, कपाटामागे बघायला लागते.

तुझी
मावशी