आकाश बघायला श्रद्धेची अट नाही

देव न मानणाऱ्याला आकाश बघताना येणारा शहारा श्रद्धाळू माणसाइतका खरा असतो का, असं तुम्ही विचारलंत. त्याकडे येतोच, पण आधी एक सांगतो, दुर्बीण घ्यायची घाई करू नका. अमावास्येच्या आसपास अंधारी जागा गाठा. मोबाइल खिशातच राहू द्या. डोळे अंधाराला सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात, आणि स्क्रीनवर एक नजर गेली तरी ती मेहनत वाया जाते.

मग शर्मिष्ठा या तारकासमूहाजवळ देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह, शोधा. थेट रोखून पाहिलं तर ती हरवते. नजर किंचित बाजूला ठेवली की धुरकट ठिपका उमटतो. तो प्रकाश निघाला सुमारे 25 लाख वर्षांपूर्वी, तेव्हा आपली मानवजात जन्मलीही नव्हती! पर्शियन खगोलशास्त्रज्ञ अल-सूफी यांनी हाच ठिपका इ.स. 964 च्या सुमारास ‘लहानसा ढग’ म्हणून नोंदवला. श्रद्धा आणि हिशेब एकाच माणसात नांदू शकतात: विश्व प्रसरण पावतंय हे 1927 मध्ये मांडणारे शास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र तर कॅथलिक धर्मगुरू होते.

देव मानत नाही म्हणून आपला शहारा कमी प्रतीचा, असं तुम्हाला वाटतंय. मला ते अजिबात पटत नाही. शेजारी कुणी हात जोडेल, कुणी अंतराचा हिशेब मांडेल. दोघांनाही बघू द्या. वाद घालायचाच असेल तर उजाडल्यावर घाला. आणि हो, सतरंजी न्या, आडवं पडूनच बघा.