टोमॅटोवरील मावा: आधी ओळख, मग फवारणी
टोमॅटोचे शेंडे मुरडलेले दिसताच औषध आणायला धावू नका. आधी पान उलटून पाहा. तेथे घोळक्याने बसलेले हिरवट, मऊ, संथ किडे, त्यांच्या पाठीमागे दोन बारीक नळ्या आणि आसपास पांढऱ्या काती दिसल्या, तर तो मावा समजावा. झाड हलवताच भुरकन उडते ती पांढरी माशी. पानांवरचा चिकटा आणि मुंग्यांची वर्दळ ही खूणही बोलकी असते. कुंडीतल्या दोन-चार झाडांना पाण्याचा जोरदार फवारा सहसा पुरतो. प्रादुर्भाव वाढल्यास ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूस पोहोचेल असा फवारावा. ढालकिड्याच्या काळपट, काटेरी अळ्या मात्र मारू नका, त्या मावाच खातात. युरियाबाबत हात आखडता ठेवावा, कारण जादा नत्राने आलेली लुसलुशीत पालवी माव्याला फार मानवते.