आधी त्याच्या आईला भेट

प्रिय मुली,

अल्लाह-ओ-अभा. ‘त्याच्या घरचे बहाई नाहीत, मग लग्नाला त्यांची परवानगी कशाला?’ असं तू विचारलंयस. लागते. किताब-ए-अकदस या आपल्या धर्मग्रंथात आपल्या धर्माचे संस्थापक बहाउल्लाह यांनी आधी मुलामुलीची पसंती ठेवली, मग आईवडिलांची संमती. दोन्हीकडचे जे हयात असतील त्या सगळ्यांची, धर्म कोणताही असो. कारणही तिथंच दिलंय, घराघरांत वैर नको. आईवडिलांना स्थळ लादता येत नाही, पण नकार देता येतो, आणि तो का दिला हे सांगायलाही ते बांधील नाहीत. अवघड आहे हे. म्हणूनच हॉलचे पैसे भरून त्या बाईंना कोंडीत पकडू नकोस. घरी जा, त्यांना काय विचारायचं ते विचारू दे.

विधी अगदी छोटा. आध्यात्मिक सभेला, म्हणजे आपल्या निवडून दिलेल्या स्थानिक मंडळाला, मान्य असलेल्या दोन साक्षीदारांसमोर दोघांनी एकेक वाक्य म्हणायचं: ईश्वराच्या इच्छेनुसार आम्ही वागू. भटजी नाही, मौलवी नाही. त्यांना मंगलाष्टका हव्या असतील तर होऊ देत. मात्र दोन्ही विधी एकाच दिवशी करा आणि तू बहाई आहेस हे लपवू नकोस. स्पेशल मॅरेज ॲक्टखाली नोंदणीची नोटीस ३० दिवसांची असते, तेवढं लक्षात ठेव.

आता तू न विचारलेलं. मृत्युपत्र लिही. लग्नाच्या तोंडावर हे काय अभद्र, असं कुणीतरी म्हणेलच! पण आपल्यात ते लिहिणं बंधनकारक आहे, आणि तुझ्या बाबतीत निकडीचंही. त्यांच्याकडे दहन, आपल्याकडे दफन, तेही मृत्यूच्या ठिकाणापासून तासाभराच्या प्रवासाच्या अंतरात. हे त्याला आजच सांग. ऐकताना तो गप्प होतो, चिडतो की नीट प्रश्न विचारतो, ते बघ. गर्भातल्या बाळाला हातापायांचा उपयोग नसतो, तरी ते तिथंच घडतात. पुढच्या जगासाठी सचोटी आणि माया आपण इथं तशीच कमावतो, असं आपण मानतो. ती ज्याच्या सोबतीनं कमवायची, त्याच्याशी मरणावर बोलता यायला हवं.

‘मृत्यूला मी तुझ्यासाठी आनंदाचा दूत केलं आहे,’ हे बहाउल्लाहंचं वचन तुला पाठ असेल. फक्त नुकतंच माणूस गेलेल्या घरात जाऊन ते ऐकवू नये, असं माझं मत. तिथं आधी शेजारी बसावं.

मसुदा झाला की पाठव. मृत्युपत्रालाही दोन साक्षीदार लागतात, एक सही माझी धर.

तुझे काका