हलकं चॉकलेट करायचंय? कोकोपासून सुरुवात कर

अगं, आधी साखरेवरच तुटून पडू नकोस. एक ग्रॅम साखरेत ४ कॅलरी, तर एक ग्रॅम फॅटमध्ये ९. चॉकलेट जड होतं ते मुख्यतः फॅटमुळे. म्हणून ‘शुगर फ्री’ दिसलं की लगेच घेऊ नकोस, पाकीट उलटं करून वाच. कंपाउंड चॉकलेटही हलकं नसतं. त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती फॅट असतं.

खरी मैत्री कर ती बिनसाखरेच्या कोको पावडरशी. १०० ग्रॅम डार्क चॉकलेटमध्ये ५५० ते ६०० कॅलरी, कोकोत साधारण २३०, आणि कोको लागतो तो चमच्यांत.

माझे नेहमीचे लाडू सांगते. १५ ग्रॅम कोकोवर दोन-तीन चमचे उकळतं पाणी घालून चांगलं घोट. कोरड्या पावडरीचा धुरळट वास जाऊन एकदम चॉकलेटचा दरवळ सुटतो, तोवर थांब. ही पायरी टाळू नकोस, चव इथेच बनते. १०० ग्रॅम बिनबियांचा मऊ खजूर वाटून त्यात हे घाल, ५० ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यांचं जाडसर कूट आणि चिमूटभर मीठ. मिक्सर थांबून थांबून फिरव, कुटाला तेल सुटता कामा नये. बारा लाडू होतात, एकेक साधारण ५० कॅलरीचा. फ्रीजमध्ये ठेव.

आणि वजनकाटा घेच. ‘मूठभर’ शेंगदाण्यांत सगळा हिशोब चुकतो.