परसातल्या झाडांची पानं अशी का झालीत? एकच कीड आहे की वेगवेगळ्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर कराडजवळ, मागे परस, कुंपणापलीकडे उसाचं शेत. गेल्या महिन्याभरात गुलाबाच्या पानांना कडेने अर्धगोल कापे पडलेत, कागदी लिंबाच्या पानांवर चंदेरी नागमोडी रेषा आहेत, कढीपत्त्याच्या फांद्यांवर नुसत्या काड्या उरल्यात, आंब्याखाली रोज सकाळी अर्धी कापलेली हिरवी पानं पडतात, आणि टोमॅटो, पपई, शेवगा यांचे शेंडे पिळवटलेत. दुकानदाराने तीन औषधं एकत्र करून सगळ्यांवर एकदम मारायला सांगितलंय. मारू का?

नका मारू. तुमच्या परसात एक नाही, चार-पाच वेगळी प्रकरणं एकाच वेळी चालू आहेत. त्यातल्या एकाला हातही लावायची गरज नाही, एक झाडू घेऊन मिटतं, आणि जे सगळ्यात गंभीर आहे तिथे कीटकनाशकाचा काडीचा उपयोग नाही, कारण तिथे कीडच नाही.

आधी त्या गंभीर प्रकरणाबद्दल, म्हणजे टोमॅटो-पपई-शेवग्याबद्दल. पानं खाणाऱ्या बऱ्याच किडींना खाण्यात आवडनिवड असते. लिंबावरची अळी कढीपत्त्यावर जाईल, बेलावर जाईल, कारण ही तिन्ही झाडं एकाच कुळातली. तीच अळी टोमॅटोला तोंड लावणार नाही. टोमॅटो, पपई आणि शेवगा ही मात्र तीन वेगवेगळ्या कुळांतली. अशी परकी झाडं एकाच आठवड्यात, एकाच पद्धतीने बिघडली तर किडा शोधत बसण्यात अर्थ नाही. वाऱ्यातून, पाण्यातून किंवा मातीतून काय आलं ते बघायचं.

तुम्ही लिहिलंय की नवीन पानं अरुंद, लांबट आली आहेत, शिरा एकमेकींना समांतर धावतात, देठ पिळलेत, आणि खालची जुनी पानं मात्र ठीक आहेत. पलीकडे ऊस आहे. माझा संशय सरळ टू-फोर-डी या तणनाशकावर आहे. उसात रुंद पानाचं तण मारायला ते सर्रास वापरतात. उसाला त्याचा त्रास होत नाही कारण ऊस हा गवताच्याच जातीचा. रुंद पानांच्या झाडात मात्र ते वाढीच्या संप्रेरकासारखं काम करतं आणि शेंड्याची वाढ वेडीवाकडी करून टाकतं. फवारताना वारा असला की बारीक तुषार कुंपण ओलांडतात. एस्टर प्रकारचं औषध असेल तर फवारणी झाल्यावरही त्याची वाफ उडून येऊ शकते. कापूस, टोमॅटो आणि द्राक्ष ही त्यातली सगळ्यात हळवी. विदर्भातल्या कापूसवाल्यांना हे चांगलंच ठाऊक आहे: कपाशीची पानं भेंडीसारखी झाली की ते आधी शेजारी कोणी काय फवारलं ते विचारतात.

खात्री करायला प्रयोगशाळा लागत नाही. परसात गवती चहा आहे का? मका, हळद, कांदा, केळ यांपैकी काही? (केळ-हळदीची पानं रुंद दिसली तरी ती उसासारखीच एकदल झाडं.) ती तरतरीत आहेत आणि रुंद पानांची झाडं, कुंपणाजवळचं रानटी तण धरून, सगळी पिळवटलीत, तर विषय जवळजवळ संपला. दुसरं, उसाच्या बाजूची झाडं जास्त बिघडलीत आणि घराच्या आडोशाची कमी, असं दिसतंय का? तिसरं, टोमॅटोच्या शेंड्यापासून खाली या. जिथे शेवटचं धड पान संपतं आणि पहिलं वेडंवाकडं पान सुरू होतं, ती साधारण फवारणीची वेळ. त्या सुमाराला शेतात पंप चालला होता का, ते आठवा.

यात एक गफलत होऊ शकते. टोमॅटोला विषाणूमुळेही पानं आकसण्याचा रोग होतो आणि तो पांढरी माशी पसरवते. पण त्यात आधी एक झाड, मग आठ दिवसांनी शेजारचं, असा प्रवास दिसतो. पानं बारीक, पिवळसर, वाटीसारखी होतात आणि झाड खुजं राहतं. त्या रोगाने पपई आणि शेवगा एका दमात पिळवटत नाहीत. मिरचीचा बोकड्या, ज्याला चुरडा-मुरडाही म्हणतात, ते आणखी तिसरं. पानाच्या कडा वर वळल्या तर फुलकिडे, खाली वळल्या तर सूक्ष्म कोळी, हा ठोकताळा बहुतेक वेळा बरोबर निघतो. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकला तर फुलकिडे धावताना दिसतात. कोळ्यांसाठी मात्र भिंग लागेल.

तणनाशकच असेल तर उपाय म्हणून मारण्यासारखं औषध नाही. वाफ्यात ओल नीट ठेवा, खताचा मारा करू नका, आणि दोन-तीन आठवडे नव्या फुटीकडे बघा. मार सौम्य असेल तर नंतरची पानं सरळ येतात आणि शेवगा-पपई सहसा सावरतात. फार पिळवटलेलं टोमॅटो उपटून टाका, आणि त्या झाडांची या हंगामातली फळं खाऊ नका. शेतमालकाशी बोलाच, पण भांडायला म्हणून नको. पुढच्या वेळी वारा पडलेला असताना, कमी दाबाने, तणनाशकाचा वेगळा नोझल लावून मारा, एवढं सांगितलं तरी पुष्कळ. आणि हो, तुमचा स्वतःचा पंप कोणाकडून उसना आणलेला असेल तर त्यात आधी काय भरलं होतं ते विचारा. तणनाशकाचा पंप नुसता विसळून भाजीवर चालवला की हेच होतं, आणि मग दोष शेजारच्या उसाला जातो.

आता आंबा. मला स्वतःला यातलं हेच प्रकरण सगळ्यात आवडतं. झाडाखाली पडलेली पानं कोवळी, तांबूस-पोपटी आहेत, आडवी सरळ कापलेली आहेत, आणि झाडावर देठाशी त्यांचा थोडासा तुकडा राहिलाय, असं असेल तर तो पानं कापणारा सोंड्या आहे, तांदळाच्या दाण्याच्या आसपासचा लहानसा भुंगा. नवी पालवी आली की मादी पानाच्या मधल्या शिरेजवळ अंडी घालते, मग देठाकडे सरकून पान आडवं कापून टाकते. अंड्यांसकट पान खाली पडतं. अळी त्या पडलेल्या पानाच्या आत पोखरत वाढते आणि पुढे मातीत जाऊन कोष करते.

म्हणजे झाडावर फवारून तुम्ही जे मारू बघताय, त्याची पुढची पिढी तुमच्या पायाशी पडलेली आहे. आपण काय करतो? ती हिरवी पानं छान म्हणून बुंध्याशी आच्छादन करतो किंवा खतखड्ड्यात टाकतो. मातीत उतरायला त्या अळीला याहून सोयीची जागा नाही. पालवी जून होईपर्यंत पडलेली पानं रोजच्या रोज झाडून गोळा करा आणि जाळा, किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कडक उन्हात ठेवा. बुंध्याभोवतीची माती वरवर हलवा म्हणजे कोष उघडे पडतील. एक-दोन झाडं असतील तर एवढ्यावर भागतं. जून पानांकडे तो ढुंकून बघत नाही, त्यामुळे पालवी पक्की झाली की प्रकार आपोआप थांबतो.

गुलाबाचे अर्धगोल कापे ही पानकापी माशी करते. खरं तर ती मधमाशीचीच एक जात, पण पोळं न करता एकटी राहणारी. कापलेल्या कडा कंपासने आखल्यासारख्या नेमक्या असतात, आजूबाजूला लेंड्या नसतात, पान कुरतडल्यासारखं दिसत नाही. अळीने खाल्लं असतं तर खालच्या पानांवर काळ्या-हिरव्या लेंड्या सापडल्या असत्या. माझ्या बोगनवेलीवर ही माशी नेहमी येते. पानाच्या कडेला बसते, सहा पायांनी पान पकडते आणि स्वतःभोवती फिरत जबड्याने कापत जाते. तुकडा सुटायच्या आधीच पंख चालू झालेले असतात, त्यामुळे तुकड्यासकट खाली पडत नाही. तुकडा पोटाखाली दुमडून धरते आणि निघून जाते. सगळा कार्यक्रम काही सेकंदांचा. हे पान ती खात नाही. पोकळ काडीत, बांबूच्या तुकड्यात, भिंतीतल्या खिळ्याच्या भोकात ती पिल्लांसाठी खोल्या बांधते. लंबगोल तुकडे भिंतीला, गोल तुकडे झाकणाला. प्रत्येक खोलीत पराग आणि मधाचा गोळा, त्यावर एक अंडं.

गुलाबाचं यात काही बिघडत नाही, पानं जरा भोकाभोकाची दिसतात इतकंच. उलट तुरीच्या फुलांचं परागीभवन करणाऱ्यांत याच जातीच्या माश्यांचा मोठा वाटा असतो. तेव्हा तिच्यावर औषध मारणं म्हणजे निव्वळ नुकसान. प्रदर्शनात गुलाब ठेवायचे असतील तर तेवढ्या झाडावर मच्छरदाणीचं कापड टाका.

लिंबाच्या रेषा नागअळीच्या. रेषेच्या मध्ये बारीक काळपट धागा दिसेल, ती अळीची विष्ठा. अळी पानाच्या वरच्या पापुद्र्याखाली असते, म्हणून वरून मारलेलं बरंचसं औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही. मोठ्या झाडाला ती फारसा त्रास देत नाही. लहान रोप असेल तर कोवळी फूट येताना पाच टक्के निंबोळी अर्क मारा: पन्नास ग्रॅम निंबोळीगराची भुकटी रात्रभर पाण्यात भिजवायची, गाळून एक लिटर करायचं, चिमूटभर साबणचुरा घालायचा, संध्याकाळी फवारायचं. युरिया देत असाल तर हात आखडता घ्या. भरमसाट कोवळी फूट म्हणजे नागअळीला आमंत्रण. लक्ष मात्र खैऱ्या रोगावर ठेवा. नागअळीच्या जखमांतून त्याचा जिवाणू पानात शिरतो आणि कागदी लिंबू त्याला फार लवकर बळी पडतं. पानावर खरखरीत तपकिरी ठिपके आणि भोवती पिवळं वलय दिसलं तर त्या फांद्या पाऊस उघडल्यावर कापून जाळा, भर पावसात कापू नका.

कढीपत्ता लिंबावरच्या फुलपाखराच्या अळ्यांनी खाल्लाय, यात मला शंका नाही. लहान असताना त्या पानावर पडलेल्या पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, काळपट-पांढऱ्या, त्यामुळे समोर असून दिसत नाहीत. मोठ्या झाल्या की हिरव्यागार. काडीने डिवचलं तर डोक्यामागून दुबेळकं नारिंगी शिंग बाहेर काढतात आणि उग्र वास सोडतात. चावत नाहीत, झोंबत नाहीत. हाताने वेचा. रोजच्या आमटीत पडणाऱ्या झाडावर दुकानातलं औषध मारायचं कशाला? वेचलेल्या अळ्या मी तरी मारत नाही, कुंपणाच्या कडेला उगवलेल्या एका जादा लिंबाच्या रोपावर सोडून देतो, पण तो ज्याचा त्याचा प्रश्न. झाड काढून टाकू का, असं विचारलंत, अजिबात नको. महिन्याभरात पुन्हा फुटेल.

शेवग्याबद्दल जाता जाता एक इशारा. पावसाळ्यात त्याच्या खोडावर केसाळ अळ्यांचे पुंजके दिसतात. त्यांना मात्र हात लावू नका, अंगाला भयंकर खाज सुटते. लांब काठीला चिंधी बांधून साबणाच्या पाण्याने पुंजका खाली पाडा आणि बादलीत बुडवा.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण बघून घ्या: रात्री नऊ-दहाला बॅटरी घेऊन परसात एक फेरी मारा. सकाळी पानांवर किंवा भिंतीवर वाळलेल्या चकचकीत रेघा दिसत असतील तर शंखी गोगलगायी आहेत. ही आफ्रिकेतली जात 1847 साली कलकत्त्यात आणून सोडली गेली आणि तिथून पसरली. 2022 साली मराठवाड्यात सोयाबीनची कोवळी रोपं तिने फस्त केली होती. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्यात पसरून ठेवा, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून उचला आणि मिठाच्या पाण्यात टाका.

तीन औषधांच्या बाटल्या अजून फोडल्या नसतील तर परत करून या. फोडल्या असतील तरी एकत्र करू नका. कोणतं औषध कशाशी चालतं हे न बघता केलेल्या मिश्रणाने पानं करपतात, आणि मग सहावं प्रकरण सुरू होईल. टोमॅटोबद्दल शंका राहिलीच तर पिळवटलेला शेंडा आणि त्याच झाडाचं खालचं धड पान, दोन्ही वर्तमानपत्रात गुंडाळून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात घेऊन जा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नेलंत तर पोचेपर्यंत त्याचा लगदा होईल. आणि जाताना गवती चहाचं एक पातंही बरोबर ठेवा.