जुन्या कॉमिक्सच्या नव्या वाचकासाठी

जुनी कॉमिक्स आणि कल्ट चित्रपट (मोजक्या पण निष्ठावान चाहत्यांनी जपलेले चित्रपट) यांच्याकडे नव्याने वळलेल्या वाचकाने दुर्मीळ अंकांच्या मागे लागण्याआधी स्वस्त पुनर्मुद्रणे भरपूर वाचावीत. अमेरिकेत १९५४ साली कॉमिक्स कोड, म्हणजे प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेली मजकूर-चित्रांची नियमावली, आला आणि भयकथा जवळजवळ हद्दपार झाल्या. त्याआधीचा व नंतरचा एकेक अंक शेजारी ठेवून वाचला, तर जुन्या अंकांचे आकर्षण त्यांच्या बेधडकपणात किती होते, हे सहज ध्यानात येते.

मूळ अंक मिळाल्यास पान डोळ्यांजवळ धरून पाहावे. चेहऱ्याचा रंग म्हणजे बारीक लाल-पिवळे ठिपके असतात आणि अनेकदा ते रेषेबाहेर सरकलेले दिसतात. नव्या आवृत्त्यांत हे सफाईने पुसून टाकतात, जे मला तरी रुचत नाही. वर्तमानपत्री कागद लिग्निनमुळे (लाकडातील एका घटकामुळे) पिवळा व ठिसूळ होतो, म्हणून अंक पीव्हीसीच्या नव्हे, तर पॉलिएस्टरच्या पिशवीत, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवावेत.

चित्रपटांत १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या भयपटापासून आरंभ करावा. शीर्षक बदलताना त्या काळी आवश्यक असलेली स्वामित्वहक्काची सूचना गळाल्याने तो अमेरिकेत सार्वजनिक मालकीचा झाला आणि कोणालाही दाखवता येऊ लागल्याने सर्वदूर पोहोचला. त्याच कारणाने त्याच्या निकृष्ट प्रतीही फार आहेत. मूळ निगेटिव्हवरून नव्याने सुधारलेली प्रतच पाहावी.